सिंधूबाईंची दुपारची बारी

ज्या वस्तूचे पैसे भरले, ती संपेपर्यंत वापरलीच पाहिजे, ह्या तत्त्वावर मानवजात आजवर टिकून आहे. ताप उतरला तरी गोळ्या संपवणारी माणसं, पोट भरलं तरी थाळी पुसून घेणारी माणसं आणि पास काढलाय म्हणून सुट्टीच्या दिवशीसुद्धा दौंडहून पुण्याला जाऊन येणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ (त्या दिवशी बसायला जागा मिळते, असं त्यांचं म्हणणं) ही ह्याची उदाहरणं होत.

कासुर्डीच्या आण्णांचं घर ह्या तत्त्वाला धरून आहे. शेवंती, झेंडू आणि थोडी तरकारी करणारं कुटुंब. मुलगा ईश्वर शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी येतो. त्यानं एक ऑनलाइन गेम घेतला. त्यात नदीकाठी आपलं एक माणूस उभं करायचं, गाव वसवायचं, किल्ला बांधायचा आणि दुसऱ्यानं बांधलेला जाळायचा. हा गेम एकदा विकत घेऊन भागत नाही. वर्षाच्या वर्षाला वर्गणी भरावी लागते, नाहीतर आपणच बांधलेल्या किल्ल्यात आपल्याला कुणी घेत नाही. एका वर्गणीत चार माणसं उभी करता येतात, मात्र एका वेळी एकच चालतं.

एका सुट्टीला आण्णांनी सहज विचारलं, "तू कामावर असतो तवा ह्ये कोण खेळतं?"

"कोण न्हाई. गेटवरच फोन काढून घेत्यात."

"म्हंजी मोटार चालू, आन् पाणी ओढ्याला!" आण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग मला बोलावणं आलं. मी आमच्या चारीवरच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या पाटावरच्या, पाणी वापर संस्थेचा सचिव. कालव्याचं आवर्तन सुटलं की कुणी कधी पाणी धरायचं, ती बारी मी लावतो. मी लावलेल्या बारीवरून आजपर्यंत फक्त दोनदा डोकं फुटलेलं आहे (दोन्ही वेळा माझंच). त्यामुळे गेमचीही बारी लावायला गावात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता, हे मी नम्रपणे मान्य केलं.

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर गेम बसवला आणि पाण्याचेच नियम लागू केले. बारी चालू असताना बारीवाल्याला हाक मारू नये. कसल्याही कामाला उठवू नये. बारी अर्धवट सोडणाऱ्यानं घराचं नुकसान केलं, असं धरावं. कुणाला हे कडक वाटेल. पण बारीवरच्या माणसाला "जरा हिकडं ये" म्हटलं की पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात जातं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

सकाळ आण्णांना दिली. संध्याकाळ ईश्वरच्या धाकट्या बहिणीला, करिश्माला. सुट्टीचा दिवस ईश्वरला. आणि सगळ्यांचं भागून उरलेला दुपारचा एक तास टेलला, म्हणजे चारीच्या पार शेवटी, जिथं पाणी पोचलं तर पोचतं. आण्णांच्या घरात टेलला त्यांच्या पत्नी सिंधूबाई. त्यांना विचारलं नव्हतं, पण टेलवाल्याला विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.

योजना उत्तम चालली. ग्रामपंचायतीला दोनदा पडलेले आण्णा गेममध्ये सरदार झाले. करिश्मानं लोकांचे किल्ले जाळण्यात बरंच नाव काढलं. सिंधूबाई जेवणं उरकली की लॅपटॉप मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसत आणि दार लोटून घेत. एकदा त्याच तासात आण्णांना चहाची तलफ आली. पण नियम तो नियम. आण्णा स्वतः स्वयंपाकघरात शिरले, आणि चहापावडर बिस्किटाच्या डब्यात असते, हे त्या संसारात प्रथमच पुरुषवर्गाच्या निदर्शनास आलं. पाहुणे आले तरी "बारी चाललीय तिची" म्हटलं की आवाज खाली करून बसायचे.

वर्ष होत आलं तशी कुरबुर सुरू झाली. वर्गणी वाढली. ईश्वरचे मित्र दुसऱ्या गेमवर गेले. करिश्माची परीक्षा तोंडावर आली. आण्णांचा किल्ला कुणीतरी जाळला आणि तो कुणीतरी इयत्ता सहावीत असल्याचं चौकशीअंती निष्पन्न झालं, तेव्हा आण्णांचं मन त्यातून उठलं. पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती आणि ईश्वर दोन दिवस सुट्टीवर आला होता, म्हणून ओट्यावर बैठक बसली. अध्यक्ष अर्थात मी. पैसा आणि वेळ वसूल होत नाही, सबब बंद करावं, असा ठराव मांडला. तीन हात वर झाले.

"सर्वानुमते," मी म्हणालो.

"न्हाई," दारातून सिंधूबाई म्हणाल्या. "बंद न्हाई करायचं."

त्या कुठल्या बैठकीत बोलल्याचं आजवर ऐकिवात नसल्यामुळे पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना. ईश्वरनं लॅपटॉप उघडून आईचं राज्य तपासलं. नदीकाठी एक बाई उभी. गाव नाही, किल्ला नाही, पायाशी पडलेलं सोनंसुद्धा उचललेलं नाही. वर्षभर ती होती तिथंच होती.

"आई, अगं तासभर तू करती काय?"

"ती उभी ऱ्हाती. मी बसते."

"बसून काय करती पण?"

"बसते," सिंधूबाई म्हणाल्या. "भिताडाला पाठ लावायची, पाय लांब करायचे. कवा डोळा लागतो, कवा न्हाई. लई बरं वाटतं रे."

ईश्वर हसला. "मग त्येला पैसं कशाला? फुकट बस की!"

"फुकट बसलेली बाई दिसली की समद्यांना तहान लागती."

आण्णांना हे लागलं, अगदी मनाला लागलं. "आमी काय राक्षस हाय व्हय?" म्हणाले. आणि तिथल्या तिथं शब्द दिला, की उद्यापासून दुपारी खुशाल बसायचं, कुणी हाक मारणार न्हाई, त्यासाठी गेमबिम काय नको. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्यामुळे आधी एक दिवस चाचणी घ्यावी, अशी सूचना केली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. सिंधूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या. लॅपटॉप कपाटात. आण्णा आत आले, बघून बाहेर गेले, परत आत आले.

"बसलीच हायस तर," ते म्हणाले, "जरा चहा टाक."

"आई, बसलीच हायस तर माझ्या ड्रेसला एवढी टीप मार," करिश्मा म्हणाली. ईश्वरला, बसलीच आहे तर, चार्जर कुठं ठेवलाय ते सांगायला हवं होतं. मी चाचणीच्या निरीक्षणासाठी हजर होतो, त्यामुळे चहाचा एक कप वाढला (नको म्हणणं बरं दिसलं नसतं). नियम कुणीही मोडलेला नव्हता. नियम बारीला असतात, नुसत्या बसण्याला कुठलाच नियम लागू होत नाही.

सिंधूबाईंनी चहा दिला, टीप मारली, चार्जर काढून दिला. मग कप विसळून ओल्या हातानंच ईश्वरपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"भर पैसं. वरसाचं भर."

ईश्वरनं निमूट भरले. आण्णा मान खाली घालून बसले होते. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना.

"पावडर कुठं असती त्ये ध्यानात हाय न्हवं तुमच्या?" सिंधूबाई म्हणाल्या आणि लॅपटॉप घेऊन आत गेल्या. दार लोटलं गेलं.

सबब, ऑनलाइन गेमची वर्गणी परवडते का, ह्या प्रश्नावर आमच्या संस्थेचं अधिकृत मत "परवडते" असं आहे. खेळायची सक्ती नाही. (आमच्या घरी हा प्रश्न उद्भवत नाही. आमच्या मंडळींना बसायची मुळात आवडच नाही. मी तरी त्यांना बसलेलं कधी पाहिलेलं नाही.)

आता तुमचं बघू. हे वाचताना मध्येच दोन-चारदा उठावं लागलं असेल, तर ईश्वरकडून त्या गेमचं नाव मागवून घ्या. पण कुणी हाक मारली नसेल, पाठ टेकून निवांत शेवटपर्यंत वाचून झालं असेल, तर तुमची वर्गणी घरात दुसरं कुणीतरी भरतंय. उठा, ते माणूस आत्ता कुठं उभं आहे ते बघून या. आणि उठलाच आहात तर, जरा चहा टाका.