चोविसावा नग

भांडारपालांनी पुढच्या खोलीतलं सामान मोजलं, मग पुन्हा मोजलं. दारावरच्या यादीत तेवीस नग होते. खोलीत पांढऱ्या चादरींखाली चोवीस.

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. निवृत्तीनंतर बसायला मागच्या बाजूला एक खोली वाढवायची, म्हणून स्वयंपाकघराची भिंत फोडायची होती. "धूळ कुठंही शिरते, काका. सामान एका खोलीत घाला आणि झाका," एवढंच मिस्त्री म्हणाला होता. भांडारपालांनी घरातलं झाडून सगळं सामान पुढच्या खोलीत रचलं, खिडक्यांना आतून प्लास्टिक चिकटवलं, कपाटापासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूवर जुनी चादर टाकली आणि यादी दाराला डकवली. एक चादर उरली, ती घडी करून पेटीवर ठेवली. त्या खोलीत आता भरदुपारीही पिठूळ उजेड असे आणि आत पाऊल टाकलं की सगळे बसलेले लोक बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटे.

छत्तीस वर्षं त्यांनी कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं आणि एका खिळ्याचा फरक येऊ दिला नव्हता. त्यांचा नियम पक्का होता. झाकलेला माल एकट्यानं उघडायचा नाही. फरक आला तर आधी साक्षीदार आणायचा. घरात साक्षीदार एकच होता, बायको.

"अगं, जरा इकडे ये!" ते स्वयंपाकघरात गेले. तिथं ती नव्हती. मागच्या नळावरही नव्हती. ते वळले तर ती मागेच उभी, पदराला हात पुसत.

"काय झालं ओरडायला?"

"फरक आलाय. चल, उघडायचंय."

दोघांनी एकेक चादर उचलली. तेवीस. पेटीवरची चादर मात्र कुणीतरी घाईत टाकल्यासारखी पडली होती. भांडारपालांनी ती उचलली. चादर कोमट होती.

"डोळे तपासून घ्या," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्यांनी चपलाही न काढता मोजलं. पुन्हा चोवीस. या वेळी जास्तीचा नग त्यांना दिसलाच. कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये, बुटका, वरून गोलसर. खिडक्या बंद, पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नाही, आणि ती एक चादर हळूहळू वर-खाली होत होती.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

चादर हलायची थांबली. भांडारपालांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही माणूस नियमाचा पक्का. ते साक्षीदार आणायला धावले. बायको नेमकी बाथरूमजवळ सापडली, दोघं आली, चादरी उचलल्या. तेवीस.

"हे बघा, मोजायचा नाद सोडा आता," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा लाल दिसत होता, पण भांडारपाल दारावरची यादी पुन्हा वाचत होते.

डोळे नव्हे, डोकंच गेलं असणार, हे त्यांनी मनाशी धरलं. भीती एकदा मनात शिरली की घरात थांबत नाही. ती त्यांच्याबरोबर भांडारात आली. नव्या भांडारपालाला ताबा देताना आगीच्या बादल्या मोजायच्या होत्या. बारा आल्या. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा मोजल्या, तर तेरा. मग पुन्हा बारा. नवा माणूस भला होता. त्यानं हळूच त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली. "काका, तुम्ही बसा. मी मोजतो."

आयुष्यात त्यांना इतकं कधी लागलं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या शेवटच्या पानावर आपली सही येणार आणि लोक म्हणणार, बिचाऱ्याचं डोकं शेवटी शेवटी ठिकाणावर नव्हतं. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून तडक घरी निघाले. आता साक्षीदार गेला खड्ड्यात. जे काय आहे, ते एकट्यानं पकडायचं.

दुपारचे तीन वाजले होते. स्वयंपाकघर रिकामं होतं. त्यांनी गादीवरची चादर ओढून घेतली, पुढच्या खोलीत रंगाचा रिकामा डबा ठेवून त्यावर बसले आणि चादर डोक्यावरून घेतली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अगदी शेजारून, कानाला लागून कुणीतरी दीर्घ उसासा टाकला.

भांडारपालांनी चादर आणखी घट्ट लपेटून घेतली.

"तोंडापाशी जरा उचलून धरा," शेजारची चादर म्हणाली. "नाहीतर धाग्याची धूळ नाकात जाते."

"तू?"

"मग कोण?"

"तू इथं काय करतेस?"

"बसलेय. दुसरीकडे बसायला जागा ठेवलीत का? खुर्चीवर बसले की म्हणता, नगावर बसू नकोस."

"पण चादर घेऊन?"

"तुम्ही घरी येता आणि डबे मोजता, चमचे मोजता, मी मीठ किती चिमटी टाकलं ते मोजता. आजवर ते संध्याकाळपुरतं होतं. आता नऊ दिवसांनी सकाळपासून सुरू होईल. मला धडकी भरलीय हो. इथं बरं वाटतं. म्हटलं, आत्तापासून सवय करावी."

"अगं, मला वाटलं माझं डोकं फिरलं! आज बादल्या मोजता आल्या नाहीत मला."

"अगंबाई!" चादरीतून एक हात आला आणि चाचपडत त्यांचा हात धरून राहिला. "चुकलं माझं. तुमची मोजणी बरोबरच होती. दोन्ही दिवस."

भांडारपालांच्या छातीवरचा धोंडा उतरला. "नवी खोली तू घे," ते म्हणाले. "आतून कडी लाव."

ती काही बोलणार एवढ्यात पुढचं दार करकरलं. भिंतीवर खडूच्या खुणा करायला मिस्त्री आला होता. वीस वर्षं घरं पाडली, कशाला घाबरलो नाही, असं तो नेहमी सांगे.

"काका? काकू?"

"गप्प बसा, जाईल तो," बायको कुजबुजली.

मिस्त्री गेला नाही. तो दारावरची यादी वाचत उभा राहिला, मग बोटानं मोजू लागला. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. "तेवीस लिहिलेत," तो स्वतःशीच म्हणाला. "हे तर पंचवीस आहेत. यादीत फरक आहे."

छत्तीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं.

"फरक मान्य आहे," मधली एक चादर घोगऱ्या आवाजात म्हणाली.

धप्पकन काहीतरी पडलं, दार आपटलं आणि रस्त्यावरून पळत्या पावलांचा आवाज आला. एका पावलाचा चट्, दुसऱ्याचा थप्. दोघं चादरी काढून बाहेर आली तेव्हा उंबऱ्यात एक चप्पल उरली होती. भांडारपालांनी यादी काढून खाली लिहिलं, "नग चोविसावा. चप्पल, डावी, एक." आणि पेन्सिल बायकोपुढे धरली. तिनं साक्षीदार म्हणून सही केली आणि परत खोलीकडे वळली.

"आता अर्धा तास मला मोजू नका."

भांडारपाल स्वयंपाकघरात जाऊन बसले. पाडायच्या भिंतीवर पांढऱ्या फरशा होत्या, ओळीनं बसवलेल्या. एक, दोन, असं मनात सुरू झालं तसं त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.