अपील कुणाचं?

कोर्टाची बातमी लिहावी तर ती मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या पेपरात दर बुधवारी 'वरचं कोर्ट' नावाचं माझं सदर असतं. वरच्या कोर्टाने कुणाचं अपील मंजूर केलं, कुणाचं फेटाळलं, खालचा कुठला निकाल उलटवला, हे सगळं साध्या भाषेत. वकील लोक ते वाचतात. निदान एका वकिलाच्या टेबलावर मी ते पान पाहिलंय. त्यावर चहाचा कप ठेवलेला होता, ती गोष्ट वेगळी.

तर माझ्या मामांचं शिवणकामाचं दुकान आहे. एकच गाळा. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. बत्तीस वर्षं मामा त्या टेबलापाशी उभे आहेत. फरशीवर त्यांच्या दोन पावलांपुरती जागा गुळगुळीत झालीय. गाळा भाड्याचा, आणि मालकाला तो रिकामा करून हवा होता. मामांना दुसरं काही येत नाही आणि या वयात नव्या जागी गिऱ्हाईक मागोमाग येत नाही. दुकान गेलं की मामा संपले, इतकं ते सरळ होतं.

पहिल्या कोर्टात मामा जिंकले. मालक अपिलात गेला, तिथे मालक जिंकला. मग मामा त्याच्याही वरच्या कोर्टात गेले. म्हणजे या खेपेला अपील कुणाचं? मामांचं! ते फेटाळलं तर मामा हरले. मामीला हे मी दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन समजावलं होतं. वाट्या म्हणजे दोन पक्ष, चमचा म्हणजे दुकान.

"कळलं," मामी म्हणाली. "पण चमचा शेवटी आमच्या वाटीत ठेव म्हणजे झालं."

मंगळवारी संध्याकाळी निकाल आला. एकटा नव्हे, आणखी दहा निकालांबरोबर! जागा अर्धं पान आणि उपसंपादक माझ्या डोक्यावर उभा. "आटप रे बाबा, पान छपाईला सोडायचंय!" मी घाईघाईने मामांच्या निकालाची शेवटची ओळ वाचली. 'अपील फेटाळण्यात येत आहे.'

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. बातमीची मागची हकिकत कुणी नव्याने लिहीत बसत नाही. जुनी बातमी उघडायची, त्यातला परिच्छेद उचलायचा आणि खाली चिकटवायचा. मी माझीच दोन वर्षांपूर्वीची बातमी उघडली. तिच्यात होतं, 'गाळा रिकामा करून मिळावा यासाठी मालकाने केलेले अपील'. त्यापुढे होतं 'मंजूर झाले'. ते खोडून मी लिहिलं 'फेटाळण्यात आले'. आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! मामा जिंकले! मथळा दिला, 'शिंप्याला दिलासा, दुकान कायम'. फोन मात्र मुद्दामच केला नाही. म्हटलं, सकाळी पेपरातच वाचू देत, म्हाताऱ्याला आनंदाचा धक्का बसू दे!

धक्का बसला तो मला. सकाळी दहाला संपादकांचा फोन.

"निकाल पूर्ण वाचला होतास?"

"म्हणजे काय साहेब!"

"मग सांग, अपील कुणाचं होतं?"

"मालका..." एवढं म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर दोन वाट्या आणि एक चमचा आला.

"उद्या दुरुस्ती टाक," संपादक म्हणाले. "आणि परवा मला येऊन भेट."

नोकरीचं काय व्हायचं ते होवो, मला काळजी लागली ती मामांची. बिचारे जिंकल्याच्या आनंदात असणार! गल्लीभर पेपर दाखवत असणार! मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. परक्या माणसाकडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाने सांगितलेलं बरं, म्हणून मी पायांत दोन वेगवेगळ्या चपला अडकवून धावत सुटलो.

दुकानात मामा टेबलापाशी उभे. मामी मशिनवर. दाराकडे पाठ करून स्टुलावर एक जाडजूड गिऱ्हाईक बसलेलं, टेबलावर वाकून काहीतरी बघत होतं. मी धापा टाकत उंबऱ्यातच थांबलो. मला पाहताच मामीने डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, हुंदका आवरतेय! माझं काळीज आणखीच तुटलं.

"मामा, माफ करा!" मी ओरडलो. "बातमी चुकली! अपील तुमचं होतं! तुमचंच फेटाळलं! तुम्ही हरलात, मामा!"

मामीने कपाळावर हात मारला. मामांनी डोळे मिटले. स्टुलावरचं गिऱ्हाईक सावकाश वळलं.

तो मालक होता! कोर्टात मी त्याला नेहमी समोरून पाहिलेला, पाठीवरून ओळखायची वेळ कधी आली नव्हती. त्याच्या एका हातात आमचा पेपर होता आणि दुसऱ्या हातात उघडं पेन. टेबलावर पसरलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'गाळ्याचा पुढचा अर्धा भाग पुढील दहा वर्षे शिंप्याकडे राहील'. खाली मामांची सही झालेली होती. मालकाची व्हायची होती.

"असं होय!" मालक म्हणाला. "आमच्या वकिलाने काल नुसतं 'अपील फेटाळलं' एवढंच कळवलं आणि स्वारी गावाला गेली. फोन बंद. एक अपील माझं, एक यांचं, मलाही कळेना फेटाळलं ते कुणाचं. म्हटलं, पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार." त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, कागदाची नीट घडी घातली आणि तीही खिशात ठेवली. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "थँक यू हं!"

तो गेला. मामांनी खडू उचलला, कापडावर रेघ ओढली, मग ती हातानेच पुसून टाकली.

"मामा, तुम्हाला... माहीत होतं?"

"वकिलांनी कालच सांगितलं. रात्रभर आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो. सकाळी हा पेपर घेऊन आला, चेहरा पडलेला. म्हणाला, मिटवून टाकू, मागचा अर्धा गाळा तरी मला द्या. मी एक शब्द खोटा बोललो नाही. नुसतं 'बसा' म्हणालो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, मला काय ठाऊक..."

"अरे, तुझ्या हातून या घराच्या उपयोगी पडलेली एवढी एकच गोष्ट," मामा शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "आणि तीही तू धावत येऊन दुरुस्त केलीस."

महिनाअखेरीस गाळा सोडायचाय. मशिनं जड आहेत, मामांचे गुडघे गेलेले. सामान हलवायला मी येतो, असं मी मामीला म्हटलं.

"नको रे बाळा," मामी म्हणाली. "तू आपला घरीच बस."