सहा माणसं, नऊ खेपा

इंटरनेट बनवणाऱ्यांनी संदेशावर नको तेवढं ओझं लादलं होतं. ते मी पिंगळीत, आमच्या गच्चीवर बसून उतरवलं. हे मी कॉलेजात इतक्यांदा सांगितलं की प्राचार्य महारुद्र सर म्हणाले, "दाखवा की मग एकदा."

दाखवायचं म्हणजे आखाड्यावर. माझी सगुणाआत्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी राहते, गच्चीपासून नऊ किलोमीटरवर. तिथं मोबाईलला रेंज नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी दोन्हीकडे रेडिओची एकेक पेटी बसवली होती. इकडून मजकूर लिहायचा, तिकडची पेटी वाजते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात. हा रेडिओ लांब जातो, पण बैलगाडीच्या चालीनं, आणि वाटेत बरंच सांडतो. इंटरनेटचं सगळं सामान त्याच्यावर लादलं तर मजकुराला जागाच उरत नाही. मी कात्री लावली. पोचल्याची पावती ठेवली. पावती आली नाही तर पंधरा मिनिटांनी तोच संदेश पुन्हा जाणार. संदेशाचा क्रमांक तेवढा काढून टाकला. आत्याला लिहिणारा मी एकटा, क्रमांक कशाला?

रविवारी सकाळी लिहिलं, "सहा माणसं येत आहेत. हुरडा भाज."

"पावती आली का?" माझ्या बायकोनं, रोहिणीनं विचारलं.

"येईल. नाही आली तरी संदेश जात राहतो. माणसासारखा कंटाळत नाही तो."

"त्याचीच भीती वाटायलीय," ती म्हणाली.

सर, चार प्राध्यापक आणि मी आखाड्यावर उतरलो, तर चार आगट्या पेटलेल्या. शेजारच्या कडूबाई, बायनाबाई आणि आणखी सात-आठ बाया घाम पुसत गरम कणसं चोळायलेल्या. शिवारातल्या झाडून सगळ्या बाजा ओळीनं मांडलेल्या. ज्वारीचा एक कोपरा न्हाव्यानं भादरल्यासारखा साफ झाला होता. आत्यानं आमच्या पाठीमागं रस्त्याकडं पाहिलं.

"जयभीम. बाकीचे अठ्ठेचाळीस कुठं हायत?"

"आत्या, मी सहाच लिहिले होते."

"आतापत्तुर नऊ खेपा वाजली की पेटी. दर खेपी सहा. मला वाटलं, एकेक गाडी निघाली की कळवायलास. सहा नव्वे चोपन्न. मला काय पाढे येत न्हाईत का?"

मी पेटीपाशी धावलो. तिच्या अँटेनाच्या काडीवर आत्यानं ओली गोधडी वाळत घातली होती. गच्चीवरचा रेडिओ दांडगा, त्याचं बोलणं गोधडीतूनही आत यायचं. पेटीची पावती मात्र गोधडीतच मुरत होती. आणि क्रमांक नसल्यामुळं जुना संदेश कोणता, नवा कोणता, हे पेटीलाही कळत नव्हतं आणि आत्यालाही.

सर्वांसमोर मला हे समजावून सांगावं लागलं. सर शांतपणे ऐकत होते.

"संदेश पोचतो, हे सिद्ध झालं," ते म्हणाले. "आता बाईंचा हुरडा वाया जायला नको. वसतिगृहाची मुलं बोलावतो. फोन कुठून लागेल?"

"इथं नाही लागत, सर."

"पाखरं राखायच्या मचाणावर चढा," आत्या सरांना म्हणाली. "तिथून लागतो. माज्या लेकीशी मी रोज तिथूनच बोलते."

सर चढले. फोन पहिल्याच खेपेला लागला. प्राध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं, मी ज्वारीकडं पाहिलं.

तासाभरात बस आली. मुलांनी हुरडा, लसणाची चटणी, दही, सगळं फस्त केलं. एकानंही रेडिओबद्दल विचारलं नाही.

बस गेल्यावर मी आत्याला गाठलं. "फोन लागत होता तर आठ महिने सांगितलं का नाहीस?"

ती बाजा उचलत होती. "फोन लागला की तुजं काम फोनवरच भागतं. पेटी बिघडली की तू रविवारी येतूस. जेवतूस, दोन घंटे बसतूस. मंग कशाला सांगू?"

मी बाजेचं दुसरं टोक धरलं.

आता संदेशांना परत क्रमांक द्यायचेत. आखाड्यावर बसून करायचं काम, एका रविवारचं आहे. माझ्यासारख्या जाणकाराला मात्र ते नीट करायला सात-आठ रविवार सहज लागतील.