एकास आठ

नवऱ्याच्या आत्यानं, सुब्बलक्ष्मीआत्यानं, मला वेळेवर सावध केलं होतं. "वाणी, त्या विजयराघवाच्या पाळणाघरांत पोरीस ठेवूं नको गे. त्याच्या नातीच्या बारशास गेलें होतें मी. ऐन वेळीं कॉफीचें डिकॉक्शन सरलें. दुसरा कोणी असता तर दूध ओतून भागवता. यानें काय केलें ठाऊक? शेवटल्या रांगेपुढें येऊन हात जोडले नि म्हणाला, 'तुमची कॉफी झाली.' आम्हीं म्हटलें, झाली नाही. तो म्हणाला, झाली. मग काय, विडा घेऊन घरीं आलों."

मी हसले. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या सुनेनं अशा वेळी हसावं अशी अपेक्षा असते. "आत्या, त्यांना कॉफी पातळ करायची नव्हती. कुंभकोणमात याला चारित्र्य म्हणतात."

"असेल. ज्यांस मिळाली ते बेस होती म्हणत होते," आत्या म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

आम्ही कुंभकोणमचे तंजावरी मराठी. माझी मुलगी जननी तेव्हा तीन वर्षांची होती. मी रोज बसनं आडुतुरैला जायची, एका बियाण्याच्या कंपनीत. नवरा चेन्नईत, आत्यांचे गुडघे गेलेले. त्यामुळे पाळणाघर ही आमच्यासाठी निवड नव्हती, प्रमेय होतं.

'समप्रमाण बालसंगोपन केंद्रा'च्या दारावर, जिथे लोक गणपती लावतात तिथे, '१ : ८' अशी पितळी पाटी होती. एका आयेमागे आठ मुलं. संचालक विजयराघवराव यांनी उभी हयात दहावीच्या मुलांना गुणोत्तर आणि प्रमाण शिकवण्यात घालवली होती. ही मुलं आपल्या हाती फार उशिरा येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

"एकास बारा ठेवणारे आहेत गांवांत, अम्मा," त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. शेजारी हातभट्टी आहे हे सांगावं तसा तो आवाज होता. "आम्हीं प्रमाण मोडत नाही. काय वाटेल तें होऊं दे, प्रमाण मोडत नाही."

मला गहिवरून आलं. रोज संध्याकाळी फोनवर हिरवा ठिपका येई: 'प्रमाण राखले.' तो ठिपका आला की आडुतुरैत माझा जीव भांड्यात पडे.

मग तीन आयांपैकी एकीचं लग्न ठरलं आणि ती तिरुनीलक्कुडीला गेली. मुलं चोवीस, आया दोन. सामान्य बुद्धीच्या माणसानं तिसरी आया शोधली असती. विजयराघवरावांना तो उपाय, पुस्तकामागचं उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखा, हलका वाटला. त्यांनी आठ मुलांना पाहुणे घोषित केलं. पाहुणे केंद्राच्या पटावर येत नाहीत. उरली सोळा, आया दोन. एकास आठ. पाहुण्यांची व्यवस्था बाहेरच्या ओट्यावर करण्यात आली.

"मामा, ओट्यावर त्यांच्याकडे बघतं कोण?" मी विचारलं.

"पाहुण्यांवर पाळत ठेवणें बरें दिसतें का, अम्मा?"

काही पालक चिडले. तेव्हा पाहुणेपण पाळीपाळीनं मिळेल असं जाहीर झालं. आठवड्याभरात तेच पालक 'आमच्या मुलाची पाळी अजून का नाही,' म्हणून भांडायला आले.

आवर्तन असं सुरळीत चालू असताना स्वयंपाकीण सोडून गेली. तिचं काम जननीच्या गटाच्या आयेवर, धनलक्ष्मीवर आलं. एक हात सांबारात, एक हात मुलांत. म्हणजे मुलांच्या वाट्याला अर्धी आया. एकास आठ, तर अर्धीस चार. पण मुलं तर आठ होती! चार मुलं काढून टाकणं क्रूर झालं असतं, आणि विजयराघवराव क्रूर नव्हते. त्यांनी आठही मुलांना अर्धं केलं. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आलं: 'जननी आज ०.५ हजर होती. प्रमाण राखले.'

"कोणती अर्धी?" मी दारातच विचारलं.

विजयराघवराव दुखावले. "तुम्हीं तर शिकलेल्या. सरासरी कुटुंबांत अडीच मुलें असलीं तर अर्ध्याचें नांव विचारतां का?"

मी धनलक्ष्मीकडे वळले. ती तमिळ, स्वभावानं गरीब. मी तमिळमध्ये विचारलं, "जननी जेवली का गं?"

"अक्का, आत्ता विचारू नका," ती कळवळून म्हणाली. "सरांनी सांगितलंय, सहा वाजेपर्यंत मी अर्धी आहे. अर्धीला एवढं कसं आठवणार?"

ही गोष्ट विनोदी आहे असं मला वाटलं नाही. ती गंभीर आहे असंही वाटून घेतलं नाही. दुसरं पाळणाघर एकास बारा होतं.

नंतर तपासणी आली. जननीला सर्दी होती म्हणून औषध द्यायला मी दुपारीच आले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलं. तपासणी अधिकारी रविशंकर नेमके जेवणाच्या सुट्टीत पोचले. दोन्ही आया मागच्या अंगणात जेवत होत्या.

"आया किती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"या क्षणीं शून्य."

"मुलं?"

"आया शून्य, त्याअर्थी मुलें शून्य."

खोलीतून रडण्याचा मोठा आवाज येत होता. एक मूल रांगत आलं आणि अधिकाऱ्यांच्या पँटचं टोक धरून उभं राहिलं. अधिकाऱ्यांनी खाली पाहिलं. "हे काय आहे?"

"कशाविषयीं म्हणतां?" विजयराघवरावांनी नम्रपणे विचारलं.

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. मूल मान्य केलं तर अहवाल लिहावा लागला असता. "शून्यास शून्य," ते पुटपुटले. "नियमभंग नाही." मग त्यांनी ती इवलीशी मूठ, एकेक बोट उलगडत, फार मायेनं सोडवली आणि शेरा दिला: 'अनुकरणीय.'

शेऱ्याला चौकट झाली, चौकटीला हार झाला, आणि हाराच्या जोरावर तिरुविडैमरुदूरला केंद्राची शाखा उघडली.

त्यानंतरच्या एका सोमवारी मी संध्याकाळी जननीला घ्यायला गेले. गट ओळीत बसला होता. जननी नव्हती.

"मामा, जननी कुठाय?"

"आठ आहेत, अम्मा. मोजा."

मी मोजले. आठ होते. आठवा एक अनोळखी मुलगा होता. त्याच्या छातीवर जननीची नावाची पट्टी होती आणि केसांत तिची पिवळी रिबीन.

"बाळ, तुझं नाव काय रे?"

"स्वामीनाथ," तो म्हणाला.

"आजचा दिवस तो जननी आहे," विजयराघवरावांनी खुलासा केला. "तिरुविडैमरुदूरास आज तपासणी होती. तिथें एक आया, सात मुलें. एकास सात! आयेचा अपव्यय. म्हणून जननीस तिकडे पाठविली. मग इकडे सात. म्हणून शेजारच्या फुलवालीचा हा पोर आणून बसविला. दोहींकडे प्रमाण जुळलें. तुमचा ठिपका आला ना?"

आला होता. बसमध्ये मी तो पाहिला होता. बस तेव्हा तिरुविडैमरुदूरच्या स्टँडवरच उभी होती.

मी रिक्षा केली. विजयराघवराव धोतर सावरत माझ्याबरोबर बसले, कारण मी तिकडे जाऊन काहीतरी मोजेन अशी त्यांना भीती होती. शाखेत दिवा नव्हता. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"बघा," ते सुटकेनं म्हणाले. "सहास आया घरीं गेली. आया शून्य, मुलें शून्य. आंत कोणी नाही."

"अम्मा!" आतून आवाज आला.

विजयराघवरावांनी घड्याळ पाहिलं. "हा आवाज केंद्राच्या वेळेबाहेरचा आहे."

"उगे राहा मामा!" जन्मात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या माणसावर ओरडले. रिक्षावाल्यानं लोखंडी पान्यानं कुलूप फोडलं. नंतर कळलं, सात मुलांचे सात पालक येऊन आपापलं मूल घेऊन गेले होते. आठवं कुणाचं, हे त्या आयेला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे पोचलं तेव्हा ते नाव नव्हतं, फक्त एक होतं.

जननी भिंतीला टेकून उभी होती. फ्रॉक ओला होता. रडून आवाज बसला होता. मी जवळ घेतलं तर ती आधी मागे सरली.

"अम्मा, इथे मला अनुषा म्हणतात," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर रागावतात."

तेवढ्यात माझा फोन वाजला. केंद्राचा निरोप होता: 'जननीसहित आजचा दिवस आनंदात गेला.'

खरी अनुषा कुठे होती, हे त्याच संध्याकाळी विचारत विचारत मी शोधलं. दोन गल्ल्या पलीकडे, तापानं फणफणलेली, आईच्या मांडीवर. आईच्याही फोनवर ठिपका होता: 'अनुषा १ हजर, भरपूर खेळली.' मी सगळं सांगितलं. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या मुलीकडे.

"पण यात तर ती तिथे आहे असं लिहिलंय," ती म्हणाली आणि मुलीकडे जरा संशयानं बघू लागली.

मी जननीला केंद्रातून काढलं. पालकसभेत जाऊन झालेलं सगळं सांगितलं. सभेनं शांतपणे ऐकून घेतलं. मग एका पालकानं विचारलं की तुम्ही अशी मध्येच मुलगी काढल्यानं आमच्या मुलांचं प्रमाण बिघडलं, त्याची जबाबदारी कोण घेणार? टाळ्या पडल्या. विजयराघवरावांनी हात जोडून सभेला आश्वासन दिलं, की बिघाड दुपारपर्यंत दुरुस्त होईल.

तो झाला असणार. जननीच्या गटात सात उरली होती आणि तिथे सात राहू देत नाहीत. म्हणजे तिची पट्टी छातीवर लावून आत्ता कुणीतरी बसलेलं आहे. ते मूल जिथून उचललं तिथेही एक कमी पडलं असेल आणि तिथेही कुणीतरी भरलं असेल. अशा केंद्रांच्या शाखा आता पुष्कळ झाल्या आहेत, तुमच्या गावातही असेल एखादी. सकाळी घाईघाईनं तुम्ही कुणाला तरी तिथे सोडून आलात. ठिपका आला असेल, हिरवाच असेल. तो फोन जरा बाजूला ठेवता का? उठा, चप्पल घाला, तिथवर जा. कुणालाही काही विचारू नका, मोजू तर मुळीच नका. दारात उभं राहून तुमच्या मुलाला नावानं हाक मारा, आणि कोण वळून बघतं ते बघा.