लिंबाचा कोट

"हे बघा, बाकी सगळं मेलं तरी चालेल. पण लिंबू मेलं, तर मी सरळ माहेरी जाईन," बायकोनं पिशवी खांद्याला लावता लावता बजावलं.

"मग आत्ता कुठं चाललीयस?" मास्तरांनी विचारलं.

"बहिणीकडं. तिचा पाय मोडलाय. जाऊन येणं वेगळं आणि जाणं वेगळं."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. जन्मभर कोट शिवले. आता डोळे दगा द्यायला लागले म्हणून मुलानं दुकान बंद करायला लावलं, आणि मशीन आतल्या खोलीत चादर पांघरून बसलं. मास्तरही साधारण तसेच बसले होते. परसात राज्य बायकोचं. तिथं त्यांना बोलावणं यायचं ते फक्त बादली उचलायला.

बायकोच्या हातचं सगळं लागायचं, लिंबू तेवढं लागत नव्हतं. आधीची तीन रोपं एकेका हिवाळ्यात गेली. हे चौथं तिनं जुन्या तेलाच्या डब्यात बी रुजवून स्वतः वाढवलेलं. शेजारच्या नर्सबाईंनी भिंतीवरून "हेही जाणार, लिहून ठेवा" असं सांगितलेलं. तेव्हापासून ते नुसतं रोप राहिलं नव्हतं, घराची इज्जत झालं होतं.

"लसूण लावा, गुलाब छाटा. लिंबू रात्री पोत्यानं झाकायचं आणि सकाळी उघडायचं. डोक्यात शिरलं का?"

"कोट शिवत होतो मी, दगड फोडत नव्हतो. शिरलं."

लसूण झकास लागला. मास्तरांनी टेप लावून, खडूनं रेघ मारून पाकळ्या खोचल्या. वाफा म्हणजे अगदी मशीनवर टीप मारल्यासारखा. गुलाबाचं मात्र जरा बिनसलं. आधी डावा खांदा उंच वाटला, तो कापला. मग उजवा उंच दिसायला लागला, तो कापला. दोन्ही खांदे सारखे होईपर्यंत गुलाब घोट्याला येऊन टेकला.

"मास्तर, छाटलात का दाढी केलीत त्याची?" भिंतीवरून नर्सबाई.

"वाढेल की."

"तो वाढेल हो. लिंबाला तेवढी कात्री लावू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी मास्तरांनी लिंबावर पोतं टाकलं आणि आत आले. चैन पडेना. परत बाहेर गेले, बघितलं. पोतं एका बाजूला घसरलेलं, पुढं झोळ, मागं खेच. उसन्या कपड्यातला नवरदेव दिसावा तसं ते लिंबू दिसत होतं. त्यांनी खिशातला टेप काढला.

"सरळ उभं राहा," ते रोपाला म्हणाले, आणि माप घेतलं.

मशीनवरची चादर निघाली. मास्तरांनी स्वतःचा जुना लोकरी कोट उसवला आणि त्यातून लिंबाला कोट बेतला. अस्तर लावलं. शेंड्याला टोपी केली. पुढं चार बटणं, आणि काजं हातानं केलेली, एकेक असं की दाखवायला न्यावं.

सकाळी नर्सबाई भिंतीशी आल्या आणि तिथंच थिजल्या. "हे काय?"

"कोट."

"झाडाला?"

"थंडी कुणाला वाजतेय? झाडालाच ना? मग तुम्हाला घालू?"

नर्सबाई भिंतीला धरून हसल्या. दिवसभर गल्लीला सांगत सुटल्या. पण संध्याकाळी भिंतीवरून जरा मऊ आवाज आला. "मास्तर, माझ्याकडं एक जुनी शाल पडलीय. जास्वंदीला होईल का हो?"

"ट्रायलला घेऊन या."

झालं. जास्वंदीचं बघून समोरचा पोस्टमन टोमॅटोची रोपं घेऊन आला. "मास्तर, बाह्या ठेवा बरं का. फांद्या बाहेर राहिल्या तर गारठतील."

"टोमॅटोला बाह्या? गळ्यात टायपण देऊ का?"

"असली जुनी तर द्या की!"

गल्लीत कुंडी तिथं गिऱ्हाईक निघालं. कुणी पडदा आणला, कुणी पोराचा फाटका स्वेटर. मशीन दिवसभर धडधडत होतं. मास्तर उभ्याउभ्या जेवत होते. गेलेले डोळे कुठून परत आले कुणास ठाऊक, सुईत दोरा पहिल्या झटक्याला जात होता. घाईमुळं गल्लीच्या कपड्यांना बटणं मिळाली नाहीत, नुसत्या नाड्या. लोक सकाळी नाडी ओढायचे, संध्याकाळी बांधायचे.

खरा कोट एकट्या लिंबाला. तिथंच घोळ झाला. पहिले दोन दिवस मास्तरांनी सकाळी बटणं काढली आणि रात्री लावली. तिसऱ्या दिवशी त्यांना वरचं काज किंचित सैल झालेलं दिसलं. आता, काज सैल झालेला कोट मास्तरांच्या हातून कधी बाहेर गेला नव्हता. गिऱ्हाइकांना ते जन्मभर सांगत आले होते, "कोट अंगात असला की टिकतो. घालून काढून मरतो." तेव्हा लिंबाचा कोटही अंगातच राहू द्यायचं ठरलं. रात्री तर घालायचाच आहे, मग काढायचा कशाला? टोपीसकट लिंबू आत बसलं. थंडी रात्रीपुरतीच, दुपारचं ऊन चांगलं रणरणीत होतं. मास्तर पोस्टमनच्या टोमॅटोला बाह्या लावत होते.

चारेक दिवसांनी बायकोचा फोन आला. "लिंबू कसं आहे?"

"झकास बसलाय."

"काय बसलाय?"

"पोतं, पोतं. नीट बसलंय."

"जाऊन बघा जरा. पानं कशी आहेत सांगा."

मास्तर फोन कानाला धरून परसात गेले. एका हातानं बटणं सोडली. कोट उघडला, तशी पानं अस्तरातून खाली सांडली. आत नुसती काडी उभी.

"आहेत का पानं?"

"आहेत की," मास्तर म्हणाले. सगळी होती. झाडावर नव्हती, एवढंच.

"मग ठीक. मी परवा निघते."

मास्तर तडक रोपवाटिकेत गेले. माळ्यानं विचारलं, "कुठल्या जातीचं लिंबू देऊ?"

"जात कुठलीही द्या. मापाचं द्या." आणि टेप काढून ते रोपांची उंची, छाती घेत सुटले. त्या मापाचं एकही नव्हतं. जवळचं होतं ते वीतभर जास्त उंच.

"न्या हो काका. वाढलं म्हणायचं. वाढत्या अंगाचंच आहे."

नवं रोप तेलाच्या डब्यात गेलं. जुनी काडी फेकायला काही हात होईना. मास्तरांनी ती मुळांसकट न्हाणीच्या मागं, आंघोळीचं पाणी जातं तिथं खोचून टाकली. मग नव्या रोपाला कोट चढवला. टोपी शेंड्याला, आणि घेर गुडघ्याच्या वर! खालची दोन बटणं लागेचनात. लांबवावा तर कापड उरलेलं नाही. असला कोट अंगावर बघायचा म्हणजे मास्तरांना शिक्षाच.

बहिणीचं प्लास्टर लांबलं, तशी बायको आणखी आठवडाभर राहिली. मास्तर तेवढे दिवस त्या कोटाकडं पाठ करून बसायचे.

आली ती पिशवी न ठेवता परसात. गुलाब बघितला. भिंतीपलीकडं शाल पांघरलेली जास्वंद बघितली आणि जास्वंदीशेजारी कान देऊन उभ्या राहिलेल्या नर्सबाई बघितल्या. मग लिंबापुढं थांबली.

"कोट तुम्ही शिवलात?"

"मग कोण शिवणार?"

"आखूड झालाय."

"झाड वाढलं. थंडी मानवली त्याला."

"एवढ्यात वीतभर?" तिनं न लागणारं बटण बोटानं हलवलं. "मला एक सांगा. तुमचा कोट आजवर कुणाला आखूड पडलाय?"

मास्तरांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला. कोट चुकला म्हटलं की सुटले. एवढंच म्हणायचं होतं. बेतताना चूक झाली, डोळे गेलेत माझे. पण भिंतीवर नर्सबाई ऐकत होत्या, आणि एका गिऱ्हाइकाच्या कानी गेलं की शंभरांच्या जातं.

"कधीच नाही!" मास्तर ओरडले.

"मग कोट बरोबर आहे," बायको म्हणाली. "गिऱ्हाईक बदललंय. माझं कुठाय?"

मास्तरांनी न्हाणीच्या मागं बोट केलं आणि मान खाली घातली. आता माहेर. बायको तिकडं गेली. ती परत काही येईना. शेवटी मास्तर भीत भीत मागं गेले. बायको उकिडवी बसली होती. काडीच्या अंगाला तीन ठिकाणी हिरवे, चकचकीत कोंब आले होते.

"रात्री झाकत होतात का याला?"

"नाही."

"काळजी कुणी घेतली मग?"

"कुणीच नाही," मास्तर खरं ते बोलले.

बायकोनं कोंबावरनं बोट फिरवलं. मग भिंतीकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "बघितलंत का सिस्टर? शालीविना, कोटाविना! माझ्या हातचं बी आहे हे!"

नर्सबाईंना एकदम घरात काहीतरी काम आठवलं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते त्या कोंबांकडं बघत राहिले. काय नाजूक अंग होतं! आणि गारठाही वाढत चालला होता. त्यांचा हात हळूच खिशाकडं गेला.

"टेप बाहेर आला," बायको मागं न बघता म्हणाली, "तर ही चालले मी माहेरी."