एका वाक्याचा दरबान

आमच्या वालूरात एकनाथच्या नाटकातल्या कामाला कुणी नावं ठेवली, की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात एक मेंढा बांधलेला असायचा. किसनमामांच्या कळपातला सगळ्यात जास्त ओरडणारा. घरधनी डोळे चोळत बाहेर आला की मामा शांतपणे म्हणायचे, "याला बी नाटकातलं लय कळतंय. बसा दोघं बोलत." मेंढा सुटायचा तो दिवस मावळताना.

एकनाथ हा गावचा शिंपी. दरवर्षी जत्रेच्या नाटकात तो राजा व्हायचा. मी शाळेत मास्तर, म्हणून पडद्याआडून सगळ्यांना संवाद सांगायचं काम माझ्याकडे. आणि किसनमामा म्हणजे एकनाथचे भक्त. मेंढरं राखायची, एकट्यानंच भाकरी थापून खायची आणि जत्रेची वाट बघायची, एवढाच त्यांचा संसार. बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

एका वर्षी घात झाला. भर दरबारात एकनाथ संवाद विसरला. मी आडून ओरडतोय आणि राजा खांबासारखा उभा. त्या काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून हॉटेलच्या कट्ट्यावर रोज भांडणं व्हायची, पण एकनाथला हसण्यावर मात्र अख्ख्या कट्ट्याचं एकमत झालं. सदरा शिवायला टाकणारासुद्धा विचारायचा, "राजे, आठवलं का?" मामांचा मेंढा तरी किती दारांना पुरणार! शेवटी एकनाथनं सांगून टाकलं, "आता मी उभा ऱ्हानार न्हाई." गावात दुसरा राजा नव्हता. नाटकच बंद पडायची वेळ आली.

तेव्हा मामा माझ्याकडे आले आणि दरबानाचं काम मागू लागले. वाक्य एकच: 'महाराजांचा विजय असो.' सगळ्यांनी नको म्हटलं, पण मला नाही म्हणवेना. मग मामाच एकनाथकडे गेले. मी संग हाय म्हटल्यावर भ्यायचं काय, असं काहीतरी बोलले म्हणे. एकनाथ कसाबसा तयार झाला.

नाटकात मामांनी प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्याचाच जयजयकार केला. भाल्यात अडकून पागोटं घरंगळलं, ते शोधत सिंहासनाखाली शिरले. मी कपाळावर हात मारून घेतला. पुढं दरबारात एकनाथ पुन्हा त्याच जागी अडखळला, आणि नेमका तेव्हाच मामांच्या हातातला भाला धाडकन पडला. लोक पोट धरून हसले. त्या गोंधळात मी संवाद सांगितला, एकनाथनं उचलला आणि असा काही म्हटला की हसणारं गाव गप्प झालं.

पुढं कट्ट्यावर एकच विषय: किसनमामांचा दरबान. एकनाथच्या विसरण्याची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. आश्चर्य म्हणजे मामांनी या वेळी कुणाच्याच दारात मेंढा बांधला नाही.

काही दिवसांनी सेलूच्या रस्त्यानं सायकलवर येताना बांधापलीकडून खणखणीत आवाज आला. डोकावलो. मेंढरं चरत होती आणि मामा राजाचे संवाद म्हणत होते. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आवाज असा, की अंगावर काटा आला. एकनाथ अडखळायचा त्या जागी ते थांबले, हातातली काठी खाली टाकली, उचलली आणि पुढचं वाक्य म्हणू लागले.

मी सायकल तिथंच आडवी केली. म्हटलं, मामा, एवढं येतंय तर स्टेजवर ते सोंग कशाला?

ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "गुरुजी, नव्या घरावर काळी बाहुली टांगतेत. वाईट नजर तिच्यावर बसती, घर वाचतं. बाहुलीच घराहून देखणी आसली तर कसं चालंल?" आणि हळूच पुढं, "एकनाथला सांगू नगा. त्यो म्हनंल, 'मामा, तुमीच व्हा राजा.' मंग मी बघू कुणाला?"

अशी भक्ती मी देवळातसुद्धा पाहिली नव्हती.

संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी मामांची नक्कल केली. पागोटं, सिंहासन, सगळं. लोक हसले. मामा कोपऱ्यात चहा पीत माझ्याकडेच बघत होते. मीही हसलो, चांगला मोठ्यानं हसलो. मामांनी समाधानानं मान हलवली आणि बशी तोंडाला लावली.