आयर्लंडच्या चहाला तीन राक्षस

परदेशी कथा कितीही थोर असली, तरी गावच्या मानकऱ्यांच्या पसंतीस उतरल्याशिवाय ती थोर ठरत नाही, हे नाट्यशास्त्रातलं मूलभूत तत्त्व आहे. (शास्त्रात ते सापडणार नाही, पेडण्याकडच्या एका नाट्यमंडळाच्या घटनेत आहे, कलम चार.)

ग्रंथपाल दत्तप्रसादने देवीच्या उत्सवासाठी निवडलेली आयरिश कथा नऊ पानांची होती. पात्रं दोन. एक कारकून दर रविवारी एका विधवेकडे चहाला जातो. एकोणीस वर्षं जातो. लग्नाचं विचारायचं राहून जातं. दत्तप्रसाद स्वतः पोस्टातल्या शालिनीकडे अकरा वर्षं चहाला जात होता. कारकून आपण, विधवा ती, म्हणजे तिला आपोआप कळेल, असा त्याचा बेत. या आनंदात बिचाऱ्याला झोप येईना.

मंडळाने कथेचं स्वागतच केलं. मात्र गावात भूमिका घराण्याच्या मानाने मिळतात. ही पद्धत इतकी न्याय्य आहे, की गेल्या साठ वर्षांत कुणालाही अभिनय शिकावा लागलेला नाही.

"राजा खंय?" शिवदासने विचारलं. राजाचा मान त्याच्या घराण्याचा.

"ह्या गोष्टीत राजा नाय, शिवदासभाऊ."

"मगे नाटक कसला?"

कारकुनाचा राजा झाला. राजा आला म्हणजे प्रधान आला, युद्ध आलं. राक्षसाचा मान प्रवीणचा. त्याचे दोन जावई रजेवर असल्याने राक्षस तीन झाले. (ते चहाला येतात.) अंतिम आकडेवारी: पात्रं तेवीस, तलवारी अकरा, चहा एक कप. शिवाय राजाने शेवटी लग्नाचं विचारलंच पाहिजे, असा ठराव झाला. राक्षसांचा प्रवेश दत्तप्रसादने अर्ध्या तासात लिहिला. लग्नाच्या त्या एका वाक्याला चार दिवस लागले.

विधवेच्या भूमिकेवर कुणाचाच हक्क नव्हता, म्हणून ती शालिनीला मिळाली. लेखकाला मान नसतो; त्याला विंगेत प्रॉम्प्टर नेमलं.

प्रयोगात राक्षस छान मेले. (धाकटा जावई शिट्ट्या पडल्याने दोनदा मेला.) चहा आला, आणि शिवदास ते वाक्यच विसरला. दत्तप्रसादने विंगेतून हळू सांगितलं. मग मोठ्याने सांगितलं. तरी राजा ढिम्म. शेवटी दत्तप्रसाद अर्धा बाहेर येऊन मंडपभर ओरडला, "शालिनी, माझ्याशी लग्न करशील?"

शालिनीने कप ठेवला आणि राजाकडे पाठ केली.

"अकरा वर्सां माझी चाय पिलंस, आणि इचारूक राजाक फुडे केलंस?" ती म्हणाली. "करतलंय!"

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. प्रॉम्प्टरला दिलेला होकार नियमबाह्य असल्याचं मंडळाने नोंदवलं, आणि भरपाई म्हणून लग्नात अंतरपाट धरायचा मान शिवदासच्या घराण्याला दिला.

मूळ कथेत ती बाई काहीच बोलत नाही. कारकून टोपी उचलतो आणि जातो. त्या शांततेसाठीच जाणकार ती कथा नावाजतात. आता खरं सांगा, होकार ऐकून तुम्हांला बरं वाटलं ना? मग आयरिश साहित्याचं वाटोळं एकट्या मंडळाने केलं, असं यापुढे म्हणू नका.